राउंडअप रोडिओ बार्बेक्यू, ऑर्लँडो: सात जण, दोन शाकाहारी, बीफ कुणालाच नको. कसं जमवायचं?

कंदील

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डिस्नीच्या हॉलिवूड स्टुडिओजमध्ये आमचा एक आख्खा दिवस आहे. टॉय स्टोरी लँडमधल्या राउंडअप रोडिओ बार्बेक्यूत एक जेवण करायचं चाललंय. माणसं सात: पाच मोठे, एक मुलगा आठ वर्षांचा, एक मुलगी अडीच वर्षांची. मोठ्यांपैकी सासू-सासरे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाकीचे चिकन आणि पोर्क खातात, बीफ मात्र घरात कुणीच खात नाही.

सात जणांचं टेबल मिळवायला कधी आणि कसं बुक करावं? दुपारी जावं की रात्री? एकाच मोठ्या थाळ्यात सगळं येतं म्हणतात, तर बीफ वगळून मागता येतं का? शाकाहारी दोघांना तिथे नेण्यात अर्थ आहे का? आणि सगळं धरून बिल कुठवर जाईल? जाऊन आलेल्यांनी नीट सांगा, "मस्त आहे, नक्की जा" एवढंच नको :)

घड्याळजी

आधी बुकिंगचं बघा, ते झालं नाही तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

टेबलं 60 दिवस आधी उघडतात, वेबसाइटवर आणि माय डिस्नी एक्स्पीरियन्स अ‍ॅपवर, ईस्टर्न वेळेप्रमाणे सकाळी सहाच्या सुमारास. डिस्नीच्याच हॉटेलात उतरणार असाल तर हे 60 दिवस चेक-इनच्या तारखेपासून मोजतात आणि त्याच सकाळी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचा मुक्काम एकदम बुक करता येतो. म्हणजे हॉलिवूड स्टुडिओजचा दिवस मुक्कामाच्या शेवटाकडे ढकललात, तर बाहेर उतरलेल्यांच्या चार-पाच दिवस आधी तुमच्यासाठी तो दिवस खुला होतो. चौघांची टेबलं सहज मिळतात. सात जणांची मोजकीच असतात, म्हणून हा फायदा सोडू नका.

आकडा टाकताना अडीच वर्षांची धरूनच सात टाका. तिचे पैसे लागत नाहीत म्हणून सहा टाकले की दारात खुर्चीवरून गोंधळ होतो.

सातचं दिसलंच नाही तर चार आणि तीन अशी दोन बुकिंग एकाच वेळेची करता येतात. दारात सांगितलं तर शेजारी-शेजारी बसवायचा प्रयत्न करतात, पण तशी हमी नसते. कार्ड देऊनच बुकिंग होतं. आला नाहीत किंवा उशिरा रद्द केलंत तर माणशी 10 डॉलर कापतात, म्हणजे तुमचे 70. रद्द करायची मुदत वेळेच्या दोन तास आधीपर्यंत असते. त्यामुळे लोक बुकिंग शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी सोडतात. तेव्हा अ‍ॅप पुन्हा उघडून बघायचं. त्याच दिवशी वॉक-अप लिस्टही (बुकिंगशिवाय आलेल्यांची यादी) कधीकधी उघडते, पण सात जणांनी तिच्या भरवशावर राहू नये.

दुपार की रात्र? मेनू आणि दर दोन्ही वेळा सारखेच, तेव्हा हवामान बघून ठरवा. जुलैत ऑर्लँडोत दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान गडगडाटी पाऊस जवळजवळ ठरलेला. वीज दिसली की स्लिंकी डॉग डॅश बंद, कारण ती उघड्यावरची राइड. टॉय स्टोरी लँडमध्ये सावलीही बेताचीच आहे. म्हणून सकाळी पार्क उघडल्याबरोबर स्लिंकी उरकायची आणि जेवण अडीच-तीनचं घ्यायचं. ऊन आणि पाऊस दोन्ही एसीत निघून जातात, आणि इतक्या उशिरा एवढं जेवल्यावर रात्री कुणी जेवण मागत नाही. राइडला उंचीची अट 38 इंच आहे. अडीच वर्षांची त्यात बहुधा बसणार नाही, तर रायडर स्विच मागा: एक जण मुलीजवळ थांबतो, मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल.

जेवायला सव्वा ते दीड तास धरा आणि त्यानंतर लगेच कोणतीही गरगर राइड ठेवू नका. रेस्टॉरंट पार्कच्या आत आहे, म्हणजे त्या दिवशीचं पार्कचं तिकीट सगळ्यांकडे हवंच.

धूरकट

जेवणाबद्दल मी लिहितो.

"ऑल यू केअर टू एन्जॉय" म्हणजे टेबलाला ठरलेला मेनू येतो आणि त्यातलं काहीही पुन्हा मागता येतं. क्रम असा: आधी चेडर बिस्किटं (आपली चहाची नव्हेत, मऊ खारट पावासारखी), सोबत मिरचीची गोडसर पेपर जेली, आणि तीन सॅलड्स (टोमॅटो, रोमेन-केल, कलिंगड). मग मांसाचा थाळा: पोर्क रिब्ज (बरगड्या), बीफ ब्रिस्केट (छातीचं मांस), सॉसेज, चिकन. त्याबरोबर यादीतून टेबलाने निवडलेले चार साइड्स. शेवटी गोड, ते मात्र प्रत्येकाने एकेकच निवडायचं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे सॉसेजही बीफचं असतं. पुष्कळ जण ते पोर्कचं समजून उचलतात. म्हणजे चारातले दोन प्रकार तुमच्याकडून बाद. हे वेटरला पाणी आणतानाच सांगायचं, "नो बीफ ॲट धिस टेबल, नो ब्रिस्केट, नो सॉसेज", पदार्थांची नावं घेऊन. थाळा एकदा स्वयंपाकघरातून निघाला की त्यात ब्रिस्केटचा रस रिब्जखाली पसरलेला असतो. मग उचलून बाजूला ठेवण्याला काय अर्थ? आधी सांगितलं की त्या जागी रिब्ज आणि चिकन वाढवून देतात. कापायचा पाट आणि सुरीही वेगळी हवी इतकं कडक पाळत असाल तर तसं स्पष्ट म्हणा. नुसतं "बीफ नको" ऐकलं की ते आवड-निवड समजतात, अडचण समजत नाहीत.

आता पोट कुठे भरतं ते. बिस्किटं गरम येतात, मुलांना आवडतात, आणि निम्मी टेबलं तिथेच संपतात. माणशी एक, बस्स. साइड्समध्ये मॅक अँड चीज मुलासाठी घ्या, पण दुसरा जड पदार्थ घेऊ नका. स्लॉ (कोबीचं सॅलड), मका आणि तळलेली लोणची (आपली नव्हेत, आंबवलेल्या काकडीची) ही तिन्ही रिब्जच्या चरबीला आंबट-कुरकुरीत जोड देतात. बीन्स आणि बटाट्याचे बॅरल (तळलेले गोळे) नंतर मागवले तरी चालतं.

पहिला थाळा लहानच मागा. धुरावर शिजलेलं मांस मऊ होतं ते त्यातलं कोलेजन वितळून जिलेटिन झाल्यामुळे. रिब्ज त्यासाठी आतून 90 ते 95 अंश सेल्सियसपर्यंत नेतात. तेच जिलेटिन आणि चरबी ताटात गार झाली की चिकट होऊन थिजते. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी सुरेख असलेली रिब मग चिवट लागते आणि दोष स्वयंपाक्याला दिला जातो. सात जणांच्या टेबलावर मोठा थाळा एकदम घेण्यापेक्षा लहान दोनदा बरा.

रिब हातात घेऊन चावलीत की मांस चावलं तेवढंच सुटावं आणि खाली हाड कोरडं-स्वच्छ दिसावं. उचलताच सगळं मांस गळून पडलं तर ती जास्त शिजलेली आहे, लोकांना आवडते ती गोष्ट वेगळी.

चिकनबद्दल दर वेळी कुणीतरी घाबरतं: "आत गुलाबी आहे, कच्चं आहे". धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी बांधले जातात आणि कडेचा गुलाबी रंग शिजल्यावरही तसाच राहतो. कच्चेपणा रंगावरून ठरत नाही, तापमानावरून ठरतो, चिकनला 74 अंश. कच्चं असेल तर मांस रबरासारखं चकचकीत दिसतं आणि हाडापासून सुटत नाही. कातडी मऊ आणि वातड लागणं हाही धुराचाच गुण: कमी आंचेवर तिच्यातली चरबी पुरती वितळत नाही. कातडी काढून टाका आणि मांडीचा तुकडा मागा, छातीचा लवकर कोरडा पडतो.

सॉस टेबलावर बाटल्यांत असतात. थाळ्यावर ओतू नका, ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यावा. मुलाला गोड आवडतो, मोठ्यांना नाही, आणि ओतलेला परत घेता येत नाही.

पालेभाजी

धूरकट यांनी मांसाचं छान लिहिलंय, पण माझं मत स्पष्ट आहे: सासू-सासऱ्यांना नेऊ नका.

तीन वर्षांवरच्या प्रत्येकाचे त्याच्या वयाच्या दराने पूर्ण पैसे लागतात, तो काय खातो याच्याशी संबंध नाही. "आम्ही दोघं फक्त सॅलड खाऊ" हे तिथे चालत नाही. आणि बार्बेक्यूच्या स्वयंपाकघरात शाकाहारी दिसणारी गोष्ट शाकाहारी असेलच असं नाही. हे कुठल्याही बार्बेक्यूला लागू आहे, प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायची:

बेक्ड बीन्समध्ये बेकन किंवा ब्रिस्केटचे कडेचे तुकडे घालायची पद्धतच आहे. बिस्किटांत कधी लोणी, कधी डुकराची चरबी. बार्बेक्यू सॉसमध्ये बऱ्याचदा वूस्टरशायर सॉस असतो आणि त्यात अँकोव्ही मासा असतो. स्लॉमध्ये मेयोनीज असेल तर अंडं आलं. लोणच्यांसोबतच्या रँच डिपमध्येही अंडं. लोणची ज्या तेलात तळतात त्यात आणखी काय तळतात, हेही विचारायचं. लोडेड बटाटा म्हटलं की वर बेकन आहे का बघा. गोडात चीजकेक आणि कपकेक म्हणजे अंडं, काहींत जिलेटिनही.

अंडं न खाणाऱ्याने "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, अमेरिकेत व्हेजिटेरियन अंडं खातो. डिस्नीत नेमका शब्द आहे "प्लांट-बेस्ड". 2019 पासून त्यांच्या मेनूंवर पानाची खूण असते आणि तिचा अर्थ मांस, दूध, अंडी, मध यांतलं काहीच नाही. दूध चालत असलं तरी हाच शब्द वापरा. अंड्यापासून सुटका होते, चीजची चैन जाते, एवढंच.

याउलट पन्नास पावलांवर वूडीज लंच बॉक्स आहे. तिथे ग्रिल्ड चीज सँडविच आणि टोमॅटो सूप मिळतं. सूपाचा बेस विचारून घ्या. पैसे कितीतरी कमी. बसायची जागा बाहेर आहे एवढाच त्रास.

हिशेबनीस

@पालेभाजी, यादी उत्तम, पण निष्कर्ष पटला नाही. सगळे एकत्र बसून जेवण्यासाठीच तिकडे जायचं. आजी-आजोबांना जुलैच्या दुपारी बाहेरच्या बाकावर बसवून बाकीचे आत, असं जेवण काय कामाचं?

शिवाय मागितलं तर प्लांट-बेस्ड थाळा वेगळा येतो. त्यात वनस्पतीपासून केलेलं सॉसेज आणि भाजलेला फ्लॉवर असे मुख्य पदार्थ असतात, आणि तेही पुन्हा मागता येतात. बुकिंग करताना अ‍ॅपमध्ये विशेष विनंती म्हणून लिहा, दारात चेक-इन करताना पुन्हा सांगा, आणि वेटरला तिसऱ्यांदा. तीनदा सांगणं जास्त वाटलं तरी चालेल, कारण बुकिंगमधली नोंद प्रत्येक वेळी टेबलापर्यंत पोहोचतेच असं नाही. शंका असेल तर शेफला बोलवा म्हणायचं, ॲलर्जीसाठी ही सोय डिस्नीत नेहमीचीच आहे. बीन्स आणि स्लॉ शाकाहारी आहेत का, हे साइड्स निवडायच्या आधी विचारा, म्हणजे चारांपैकी निदान दोन तरी असे निवडता येतील जे सातही जण खातात.

मात्र ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही त्यांच्यासाठी इथे काही नाही. मसाल्याच्या कोरड्या लेपात, सॉसमध्ये, बीन्समध्ये, सगळीकडे कांदा-लसणाची पूड असते.

आता हिशेब. 23 मार्च 2023 ला सुरू झालं तेव्हा दर मोठ्यांना 45 डॉलर आणि 3 ते 9 वर्षांच्या मुलांना 25 होता. नंतर वाढलाय, तुमच्या तारखेचा दर अ‍ॅपमध्ये बुकिंगच्या पानावर दिसतो, तो घालून हीच मांडणी करा. जुन्या दराने:

मोठे पाच × 45 = 225
मुलगा एक × 25 = 25
मुलगी (3 च्या आत) = 0
एकूण 250
विक्रीकर 6.5 टक्के = 16.25
टिप 18 टक्के = 45
सगळं मिळून 311.25 डॉलर

म्हणजे छापील दरावर जवळजवळ पाव भाग वर पडतो. सहा किंवा जास्त जण असले की 18 टक्के टिप बिलात आपोआप लागते. तरीही स्लिपवर "अ‍ॅडिशनल टिप" अशी रिकामी ओळ असते. तिथे सवयीने पुन्हा 18-20 टक्के लिहून दुप्पट टिप देणारे कमी नाहीत. आधी वरच्या ओळी वाचा. चार-तीन अशी दोन बुकिंग झाली तर आपोआप लागणार नाही, तेव्हा स्वतः लिहायची.

मद्य वेगळं, ते वरच्या रकमेत नाही. साधं पाणी फुकट. मुलगी नोव्हेंबरमध्ये तीनची होणार असेल तर जुलैतच जाताय हे बरंय. आणि मुलगा दहाचा झाला की मोठ्यांचा दर.

तुमचं बीफ बंद असल्याने ब्रिस्केट, म्हणजे थाळ्यातला सगळ्यात महागाचा पदार्थ, तुम्ही पैसे देऊन सोडताय. नुसत्या अन्नाच्या तराजूत तुमच्या टेबलाला हा सौदा काही फार भारी नाही. सजावट आणि मुलाचा आनंद धरला तर ठीक.

कंदील

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बीफ सॉसेजचं माहीतच नव्हतं. सासूबाईंशी बोलले, त्या येणारच म्हणतायत :)

अजून तीन गोष्टी. टॉय स्टोरी सिनेमातली वूडी, जेसी वगैरे पात्रं टेबलापाशी येतात का? मुलाने तेच धरून ठेवलंय. आत खूप गोंगाट असतो का, धाकटी मोठ्या आवाजाला दचकते. आणि उरलेलं बांधून देतात का?

घड्याळजी

पात्रं टेबलापाशी येत नाहीत. हे कॅरेक्टर डायनिंग नाही आणि मुलाला ते आधीच सांगा, नाहीतर तो जेवणभर दाराकडे बघत बसेल. वूडी-जेसी भेटायचे असतील तर बाहेर टॉय स्टोरी लँडमध्ये, वेळा त्या दिवशी अ‍ॅपमध्ये दिसतात.

आत कल्पना अशी आहे की अँडीने (सिनेमातल्या खेळण्यांचा मालक असलेला मुलगा) आपल्या खेळण्यांतून, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि बोर्डगेमच्या तुकड्यांतून रोडिओ मांडलाय आणि तुम्ही सगळे खेळण्याएवढे लहान झालात. त्यातूनच तो प्रसिद्ध प्रकार येतो: जेवता जेवता वेटर ओरडतात "अँडी येतोय!" आणि अख्ख्या हॉलने जिथल्या तिथे गोठायचं, घास हातात असेल तसा. थोड्या वेळाने सुटका. एकाच जेवणात हे दोन-तीनदाही होऊ शकतं. आठ वर्षांच्याला धमाल वाटते. धाकटीला मात्र ती एकदम झालेली आरडाओरड आणि मग सगळ्यांची शांतता घाबरवू शकते. बसताना भिंतीकडची जागा मागा आणि ओरडा सुरू होताच तिचे कान झाका. कानावरचे लहान मुलांचे हेडफोन असतील तर न्या, पार्कमध्ये फटाक्यांनाही लागतीलच. स्ट्रोलर बाहेर ठेवावा लागतो, हाय चेअर आत मिळते.

धूरकट

बांधून देत नाहीत, हवं तेवढं खा प्रकारात हे नेहमीचंच. म्हणूनच दुसरा थाळा मागवताना "दोन रिब्ज, एक मांडी" असं मोजून मागा, "सेम अगेन" म्हणू नका. गोडाला मुलासाठी फोर्कीचा कपकेक असतो, त्याच्यासाठी तो सांगून ठेवा. सासू-सासऱ्यांसाठी प्लांट-बेस्ड गोड काय आहे ते मात्र साइड्स निवडतानाच विचारा, शेवटी विचारलं तर ते यायला वेळ लागतो आणि तोवर बाकीच्यांचं संपलेलं असतं.

पालेभाजी

सासूबाईंनी ठरवलंय म्हणजे विषय संपला :) एक पर्याय तरीही लिहून ठेवते, सातचं टेबल नाहीच मिळालं तर. डिस्नीच्याच फोर्ट विल्डरनेस रिसॉर्टमधला हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यू, 1974 पासून चालू आहे. फ्राइड चिकन, रिब्ज, समोर गाणी-नाच, आणि पार्कचं तिकीट लागत नाही. शाकाहारी जेवण आधी कळवावं लागतं. पैसे बुकिंगच्या वेळीच घेतात, म्हणून तारीख नक्की असल्याशिवाय करू नका. पोहोचायला रिसॉर्टच्या आत पुन्हा बस किंवा बोट बदलावी लागते, ज्येष्ठ बरोबर असतील तर एक तास हातात ठेवून निघा.